अव्वानं पाहिलेला उडता वीर

त्या रविवारी थेटरात जाताना माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, पिशवीत कॉमिकचे चार अंक घेतले होते. "एकेक चूक पकडतो बघ," तो म्हणाला. आमच्या लाडक्या वीरावर इंग्रजी सिनेमा निघाला होता आणि तो एकदाचा सोलापुरात लागला होता, रविवारी सकाळच्या खेळाला. मी अकरावीत, अण्णा कॉलेजात. आठवडाभर आम्हा दोघांना दुसरा विषय नव्हता.

हा वीर एरवी एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचा आणि कुठं संकट आलं की पिवळा झगा चढवून आभाळात झेप घ्यायचा. त्याचे मराठी अंक आम्ही रद्दीच्या दुकानातून आणायचो, पण आमच्याआधी ते अव्वा वाचायची. अव्वा म्हणजे आमची आई. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंतच. मराठी बोलायला ती लग्नानंतर शिकली आणि वाचायला या कॉमिकवर. आधी चित्र बघायची, काय चाललंय याचा अंदाज बांधायची, मग फुग्यातली अक्षरं एकेक करून लावायची. तिनं मोठ्यानं वाचलेला पहिला मराठी शब्द होता, "थांब!"

आदल्या दिवशी ती म्हणाली, "मीबी येणार."

"अव्वा, इंग्रजीत आहे ते. तुला काय कळणार?" अण्णा म्हणाला.

"चित्र कळतंय की मला."

तर आम्ही तिघं जाऊन बसलो. दिवे गेले, पडद्यावर वीर आला, आणि त्याचा झगा निळा होता!

"घालवलं! सगळं घालवलं!" अण्णा उभाच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, बस की खाली!" तो बसला, पण दर दोन मिनिटांनी मला कोपरानं ढोसत राहिला. तोंडावर मुखवटा नाही, दुकान गल्लीत नाही, भर चौकात. मलाही वाईट वाटायला लागलं होतं.

मग वीर पहिल्यांदा उडाला. कॉमिकमध्ये तो कायम आधीच आभाळात असायचा. इथं तो गच्चीच्या कठड्यावर उभा राहिला, खाली बघून घाबरला, एक पाय पुढं टाकला आणि तो पाय हवेत जमीन चाचपडत राहिला. दुसऱ्या क्षणी तो वर होता, आख्खं शहर त्याच्या खाली, आणि थेटरात शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ! अण्णाचं कोपर थांबलं होतं. मी वळून पाहिलं तर त्याचं तोंड उघडं.

पुढं वीरानं कोसळणारा पूल खांद्यावर तोलून धरला, माणसं पार होईपर्यंत. तिथंही शिट्ट्या झाल्या. पण त्यानंतर तो दुकानात परतला, एका म्हातारीचं गजराचं घड्याळ समोर घेतलं, आणि त्यातला बारीकसा स्क्रू काही केल्या त्याला बसवता येईना. हात थरथरत होते. म्हातारी वाट बघत उभी होती आणि तिला खरं काय ते सांगायची सोय नव्हती. अव्वानं माझं मनगट घट्ट धरलं.

"हे पुस्तकात न्हाय की?" ती कुजबुजली.

"नाही."

"पण असंच हुईत असणार त्याला."

बाहेर उन्हात आल्याबरोबर अण्णानं चुकांची यादी सुरू केली. झगा, मुखवटा, दुकान, पूल. कॉमिकमध्ये पूल नव्हताच, बोगदा होता. अव्वा ऐकत ऐकत चालत होती. मग म्हणाली, "झग्याचा रंग धुण्यात उतरला असंल. तू मला एवढंच सांग, माणूस बदलला का त्यो?"

अण्णा चालता चालता थांबला. "नाही," तो म्हणाला. "माणूस तोच होता."

"मग झालं की."

मला तेव्हा एकदम लख्ख दिसलं. कॉमिकच्या दोन चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी असते, तिथं काय घडतं हे अव्वा इतकी वर्षं मनानं भरत आली होती. त्या सिनेमावाल्यांनीही तेच केलं होतं. झग्याचा रंग त्यांचा चुकला, पण त्या पट्टीतला माणूस त्यांना बरोबर सापडला होता. मी हे भडाभडा बोलून टाकलं. अण्णा मान हलवत होता आणि मध्येच म्हणाला, "पुढच्या रविवारीही असेल का गं हा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर अव्वानं आख्खा सिनेमा बायकांना सांगितला, अर्धा कन्नडमध्ये, अर्धा मराठीत, घागर कडेवर घेऊन, एका पायानं हवेत जमीन चाचपडत. वीर दमून घरी आला आणि त्याच्या आईनं हात बघूनच ओळखलं, असं ती सांगायला लागली तेव्हा अण्णा दारातून ओरडला, "अव्वा! सिनेमात त्याला आई नव्हतीच!"

"माझ्यात हाय," अव्वा म्हणाली आणि पुढं सांगू लागली. नळाचं पाणी गेलं तरी एकही बाई हलली नाही.