राठोड सरांचा नंबर

मी आज जो काही आहे तो राठोड सरांमुळे. दहावीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या मला त्यांनी परत किनवटच्या वसतिगृहात आणून बसवलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. भूत-भानामती कधी मानली नाही. आजही मानावी असं वाटत नाही, पण...

ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्याच लातूर ऑफिसात मी आता सर्व्हर सांभाळतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं डिलीट होतं. पण ज्या फोल्डरांवर त्याला हक्क होते, तिथे नावाऐवजी एक लांबलचक नंबर उरतो. असे बेवारस नंबर पुसायचं काम माझ्याकडे आलं. सर रेक्टर असताना प्रत्येक मुलाच्या नावाचा फोल्डर त्यांनीच केला होता. ते रिटायर झाल्यावर त्या सगळ्यांवर एकच नंबर राहिला. दुसऱ्याचं काही बिघडू नये म्हणून ट्रायलला मी माझाच फोल्डर घेतला.

नंबर निवडला — आणि त्या जागी सरांचं नाव आलं. डिलीट झालेल्या खात्याचं नाव दिसूच शकत नाही! मी थांबलो. मागे साहेब उभे होते.

"नाव दिसलं म्हणून आरती करून राहिलास काय? काढ की!"

मी काढलं.

त्या रविवारी नेहमीसारखा भोकरला सरांकडे गेलो.

"कोण पाहिजे?" सर दारातच म्हणाले.

वाटलं, थट्टा करतायत.

"अहो, आपला प्रकाश हाय ना!" काकू म्हणाल्या.

"माझं एकेक पोरगं सांगतो मी. मारोती, गंगाधर, मुनीर... हा न्हाई त्यात. काही काम असंल, म्हणून ओळख काढून राहिला."

काकूंनी त्यांना नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं. स्मरणशक्ती ठणठणीत. फक्त तीत मी नाही.

सरांच्या नावाचं खातं मी सर्व्हरवर पुन्हा नव्याने तयार करून पाहिलं. नाव तेच, पण नंबर नवा पडला. जुना परत मिळत नाही. बाकी मुलांच्या फोल्डरांना मी हात लावलेला नाही. पण साहेब चिडलेत, सोमवारी उरलेल्या फोल्डरांवरचा नंबर स्वतः बसून पुसणार आहेत. त्यांना काय सांगू? मलाच याचा अर्थ लागलेला नाही.

काल सरांना पत्र टाकलं :

"आदरणीय सर, आपण मला ओळखत नाही. एक विनंती आहे. मारोती, गंगाधर, मुनीर, सगळ्यांना या रविवारी घरी बोलवा. पोटभर बोलून घ्या. सोमवारपर्यंत थांबू नका. मी आलो तर चालेल का? बाहेर ओट्यावर बसेन."