दादाचा पिंड मी समुद्रात नेला

हसायचं तर आधीच हसून घ्या. मी जे केलं तो येडेपणा होता, पण चुकलं असं काही मी म्हणणार नाही. आजही नाही!

माझा मोठा भाऊ, दादा, पर्यटकांना स्कुबाला न्यायचा. समुद्रानं त्याला कधी ओरखडाही काढला नाही. हातखंब्याच्या वळणावर ट्रकनं नेला. मला सारखा म्हणायचा, "ये की रे एकदा खाली, मासे बघायला!" मी म्हणायचो, "मला कामं नाहीत काय?" सातवीत शाळा सोडून मिरकरवाड्याच्या बंदरात जाळी ओढणारा मी. अक्कल ती किती असणार?

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना! सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले. आईला सांभाळू, होडी विकणार नाही... कावळे आपले माडावर बसून मजा बघतायत. शेवटी काका म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू आणि मोकळे होऊ."

मोकळे? माझं टाळकंच सरकलं!

"दादानं जन्मात कावळ्याकडं बघितलं होतं काय? तो आला तर मासा होऊन येईल!"

पिंड पिशवीत टाकला आणि पळालो. मागून काका, "अरे गाढवा, ठेव तो!" ठेवतोय कशाला!

दादाचा जोडीदार सलीमभाई होडीवरच होता. आधी म्हणाला, "येडा झालास?" मग माझ्या भादरलेल्या डोक्याकडं त्यानं बघितलं आणि इंजिन चालू केलं. खडकांपाशी पोचल्यावर माझ्या पाठीवर हवेची टाकी बांधली, स्वतःही बांधली आणि एवढंच बोलला, "काय वाटेल ते कर, तोंडातली नळी काढायची नाही."

"नाही काढणार."

खाली गेलो आणि डोळेच फिरले! पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे थवे. पोपटाच्या चोचीचा हिरवा मासा खडक कुरतडतोय, त्याची करकर चक्क ऐकू येतेय. खडकाला चिकटलेली फुलं, बोट नेलं की मिटतायत. एक केंड मासा फुगून, डोळे वटारून माझ्याकडं बघतोय, घरात चोर शिरल्यासारखा. दहा वर्षं मासे मारतोय मी, आणि यातलं काही बघितलेलं नाही! दादा रोज हे बघायचा. माझ्याशिवाय.

पिशवीचं तोंड सोडून पिंड बाहेर काढला. आता शब्द द्यायचा. आणि शब्द मोठ्यानं द्यायचा असतो ना?

काढली नळी!

"दादा, मी आलो रे" म्हणायचं होतं. पहिला 'दा' बाहेर पडला, बाकीचं सगळं समुद्रासकट पोटात! सलीमभाईनं नळी कोंबली, बकोट धरलं, वर आणून होडीत आपटलं. नाकातून पाणी, कानात त्याच्या शिव्या.

"पिंड?" मी विचारलं.

"तू थोबाड उघडायच्या आधीच फस्त केला माशांनी! पन्नासेक तुटून पडले."

"शिवला!"

"अरे, ते कुणाचंही खातात."

"खाऊ देत. शिवला!"

तसाच ओला घरी गेलो. काकांसमोर छाती काढून सांगितलं. काका काय काय बोलले ते सोडा. आईनं एवढंच विचारलं, "खरंच आला होता?"

"आला होता."

त्या दिवसापासून ती दोन घास जेवायला लागली. मग सांगा, चुकलो मी?

तेरावं आटपल्यावर मोठ्या तोऱ्यात ताजे बांगडे घेऊन आलो. आईनं पिशवी दारातूनच परत दिली.

"या घरात आता मासा शिजणार नाही."

"अगं, ते खडकातले मासे वेगळे! हे उघड्या दर्यातले!"

"तुझा दादा कधी एका जागी बसला होता काय?"

महिना झाला. रोज दुधी खातोय.