रोज की शनिवारी

कालिंदी पेडणेकरच्या जिभेला हाड नाही, हे परळच्या त्या चाळीत कुणीही सांगितलं असतं. तीस वर्षं ब्लाउज शिवून बाईने दुसऱ्या मजल्यावरच्या साऱ्या बायकांची मापं पाठ केली होती, आणि भांडण लागलं की ती मापं चारचौघांत मोठ्याने सांगायलाही कमी करत नसे. शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नसत. गेला तो एकटा गणपत तांबे, तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारा.

गणपत शिवडीच्या गोदामात माल मोजून घ्यायच्या कामावर होता. कालिंदीचं मशीन उजेडासाठी बाहेर गॅलरीत असायचं. याने चाळकमिटीकडे तक्रार केली, जायला-यायला वाट उरत नाही म्हणून. मशीन आत गेलं. खोलीतल्या अंधारात शिवता शिवता दोन वर्षांत तिचे डोळे गेले कामातून, बारीक कामाची गिऱ्हाइकं तुटली. तेव्हापासून ती त्याला पाण्यात पाहत होती, आणि राग खोटा होता असं कुणी म्हणू नये.

चार वर्षांपूर्वी एका इस्पितळाने चाळीत पाहणी काढली. किती जणांच्या लिव्हरवर चरबी आहे ते मोजायचं होतं. कंबरेची मापं घ्यायला टेप धरायची सवय असलेली बाई हवी होती, म्हणून कालिंदीला घेतलं. व्यायामशाळेत पडदा बांधून सोनोग्राफी चालली होती आणि बाहेरच्या टेबलावर डॉक्टर नम्रता, अगदी कोवळी पोर, फॉर्म भरत होती. तेव्हाचा नियम असा, की हा आजार म्हणायचा तो न पिणाऱ्याचा. एखादा फार पिणारा निघाला, की त्याचं नाव यादीतून खाली. त्याच्या हातावर ‘दारू बंद करा’ अशी चिठ्ठी ठेवायची आणि वाटेला लावायचं. यादीत राहील त्याची मात्र दर सहा महिन्यांनी साखर, रक्त, सोनोग्राफी, सगळं फुकट.

मग काय विचारता! ज्यांना दर पगाराला जिन्यातून उचलून आणावं लागे, त्यांतलेही कितीतरी “छे हो, वासही सहन होत नाही” म्हणून यादीत जाऊन बसले. काहींनी पिणं कबूल केलं, त्यांची नावं गेली. गणपतनेही खरं तेच सांगितलं.

“शनवारी येक क्वार्टर, बस. खोटा कित्याक सांगू?”

तो पडद्याआड गेला. चरबी निघाली. नम्रताने पेन थांबवून कालिंदीकडे पाहिलं.

“मावशी, तुम्ही शेजारी ना यांच्या? खरंच फक्त शनिवारी?”

कमिटीच्या दोघांनी मशीन आत ढकललं तो दिवस कालिंदीच्या डोळ्यांपुढे आला.

“रोज,” ती म्हणाली. “रोज पितो. लिहा तुम्ही.”

नम्रताने लिहिलं आणि नाव खोडलं.

गणपतला वाटलं, चिठ्ठी सगळ्यांनाच देतायत. माणूस मुलखाचा हट्टी. त्याने शनिवारचीही सोडली आणि आपलं लिव्हर आता एकदम साफ झालं म्हणून गॅलरीभर सांगत सुटला. कालिंदी आत मशीनवर बसून ते ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची. त्याच्या लिव्हरला दारूने नाही, साखरेने धरलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. साखर बघत होते ती यादीतल्यांची.

यंदा पाहणी पुन्हा आली. व्यायामशाळा तीच, नम्रताही तीच, फक्त तिला चष्मा लागला होता. व्याख्या मात्र नवी. आता पिण्यावरून कुणाचं नाव खोडायचं नाही. लिव्हरवर चरबी असली आणि कंबर, साखर, रक्तदाब असलं एक जरी वाढलेलं असलं, तरी माणूस यादीत. पिणाऱ्यांचा गट वेगळा मांडायचा, पण तपासण्या त्यांच्याही करायच्या. नम्रताने जुनेच दोनशे फॉर्म नव्या नियमाने लावून पाहिले, तर एकसष्ट आजाऱ्यांचे ब्याऐंशी झाले. एकाच्याही पोटातलं काही हललं नव्हतं. कुठेतरी थंडगार खोलीत बसून चार मोठी माणसं ठरवणार आजारी कोणाला म्हणायचं, आणि इथे एकवीस माणसं चार वर्षं आपण धडधाकट आहोत म्हणून फिरणार, याला काय म्हणावं?

गणपत आला तेव्हा त्याच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट तेवढं पुढे आलं होतं. त्याने शर्ट वर केला. कालिंदीने बेंबीवरून टेप फिरवला. एकशे चार सेंटिमीटर. पुरुषाची कंबर नव्वदला पोचली की यादीत. पण टेपखालचं पोट ढोलकीसारखं ताठ लागत होतं. चरबी बोटाखाली दबते, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिच्या थोरल्या भावाचं पोट शेवटी असंच झालं होतं. हे पाणी होतं, लिव्हरने हात टेकले की पोटात भरतं ते.

“एकशे चार,” ती कशीबशी म्हणाली.

नम्रताने वर पाहिलं, गणपतचे पिवळे डोळे पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

“काका, साखर कधी तपासली होती?”

“माझी कोण तपासतला? दारू बंद सांगितलात, मी शनवारची पण सोडलंय.”

तिने जुना फॉर्म काढला. “इथे तर रोज पितात असं लिहिलंय.”

“खयचो रोज? कोणी सांगल्यान?”

कालिंदीला गप्प बसता आलं असतं. फॉर्मवर तिचं नाव नव्हतं आणि नम्रतालाही बहुधा आठवत नव्हतं.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. “खोटं सांगितलं. मशीनचा राग होता मला.”

नम्रता गोंधळली. तिने चष्मा काढला, पुन्हा घातला.

“जाऊ दे, मावशी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “नव्या नियमाने ते रोज पीत असते तरी आपण त्यांना घेतलंच असतं. कागदाला आता त्याने काही फरक पडत नाही.”

गणपत शर्टाची बटणं लावत होता. पोटावरची दोन काही केल्या लागेनात. कालिंदीने सवयीने हात पुढे केला, तो त्याने झटकून टाकला.

“कागदाक पडत नसात,” तो म्हणाला. “माका पडलो.”