काचेची आंघोळ

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमच्या सरकारी कचेरीला चुना लागे. काचांवर उडालेले थेंब गरम पाण्याने काढायला एक मजूर रोजंदारीवर येई. पाण्यात आधी कोपर बुडवून पाही.

"काहून गा, लेकराले आंघोळ घालून राहिला का?" शिपाई हसे.

"लेकरू रडून सांगते तरी, भाऊ. काच सांगत नाही, सीधी तडकते."

मंत्री यायचे त्या गारठ्याच्या सकाळी हेडक्लार्क त्याच्यामागे उभे राहून "आटप, आटप" ओरडत होते. गडबडून त्याने उकळतं पाणी तसंच काचेवर ओतलं. काचेला तडा गेला आणि त्याचं काम तिथेच सुटलं.

मंत्री खिडकीकडे पाठ करून चहा प्यायले. पुढे कैक वर्षं ती काच तशीच होती. बदलायची घाई कोणालाच नव्हती.