काही अडचण नाही, असं मी सांगितलं

भूकंपाच्या दिवशी शाळेच्या स्पीकरवरून काय सांगितलं ते माझ्या मुलीला कळलं नव्हतं. ती तेव्हा तिसरीत होती आणि आम्हाला जपानात, निशी-कसाईला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. सगळी मुलं बाकाखाली शिरली म्हणून तीही शिरली. सगळ्यांनी डोक्यावर कापसाची जाड टोपी चढवली म्हणून तिनेही चढवली. नंतर मैदानात ओळीने बसवलं तेव्हा तिला वाटलं शाळा सुटली, आणि ती उठून चालायला लागली. गेटाजवळ एका म्हाताऱ्या बाईंनी तिला धरून परत आणलं. हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं, तेही मी तिचे केस विंचरत होते आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं म्हणून.

त्या बाई जपानी शिकवायच्या. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर टोकाला एक खोली होती. ज्या मुलांना भाषा येत नाही ती रोज दोन तास आपला वर्ग सोडून तिथे जायची. चीनची होती, नेपाळची, फिलिपाइन्सची, आणि आमची एक. शाळा परत सुरू झाल्यावर बाईंनी पुस्तक बाजूला ठेवून आधी चार गोष्टी शिकवल्या. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. मुलगी घरी येऊन मलाही त्या म्हणायला लावायची. रात्री जमीन हलली की आम्ही दोघी त्या म्हणायचो.

आमच्या भागातली कंपनीवाली मराठी कुटुंबं आपली मुलं इंग्रजी शाळेत घालतात. त्यातली बरीचशी त्या वसंतात गावी निघून गेली. आमचे हे हॉटेलात स्वयंपाकी. त्यांचं हॉटेल तिसऱ्या दिवशी उघडलं, त्यामुळे आमचा जायचा प्रश्न आलाच नाही. मी उरायासूला हॉटेलांच्या चादरी घडी करायच्या कामाला जात होते. आमच्या मुलीला सरकारी शाळाच. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. मीही सरकारी शाळेतच शिकले, जेवढी शिकले तेवढी.

एप्रिलमध्ये मुलगी चौथीत गेली. मे महिन्यात वर्गशिक्षक घरी येणार, असा कागद आला. इथे ती रीत आहे. नवीन वर्गाचे शिक्षक एकेका मुलाच्या घरी येतात, दहा मिनिटं बसतात आणि पुढच्या घरी जातात. कागद मी खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या ताईंकडून वाचून घेतला. त्यांचे यजमान बँकेत आहेत. त्यांना जपानी चांगलं येतं आणि मदत करायलाही त्या तयार असतात, फक्त थोडं ऐकून घ्यावं लागतं.

"चहापाणी करू नये, असं लिहिलंय," ताई म्हणाल्या. "करू नका हं. तुम्ही कराल म्हणून सांगते."

"नाही करणार," मी म्हटलं.

घरी येऊन मी शिरा केला आणि बटाटेवड्यांचं सारण करून ठेवलं. पडदे धुतले. आमचे हे म्हणाले, "गुरुजी येतायत का मुलगी बघायला पाहुणे येतायत?" म्हणाले खरं, पण स्वतः दुपारची सुट्टी काढून केस कापून आले. तरी आयत्या वेळी त्यांना हॉटेलातून बोलावणं आलं, आणि मी एकटी राहिले. मुलगी होती, पण तिला काय बोलायचं ते मी आधी शिकवून ठेवलं नव्हतं.

शिक्षक तरुण होते. काळा सूट, हातात पिशवी. दाराशी बूट काढून त्यांनी ते वळवून ठेवले. शिऱ्याकडे बघून दोनदा वाकले आणि एक चमचाही खाल्ला नाही. मांडीवर एक कागद घेऊन ते एकेक विचारत होते आणि मुलगी मला मराठीत सांगत होती. शाळेत यायला आवडतं का. जेवण चालतं का. मग ते माझ्याकडे बघून सावकाश बोलले, आणि मुलगी म्हणाली, "अभ्यासाची, भाषेची, शाळेकडून मदत पाहिजे अशी काही अडचण आहे का, विचारतायत."

अडचण होती. इथे इतिहास-भूगोलाऐवजी समाज म्हणून एक विषय असतो, त्याच्या पुस्तकातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. गणित यायचं, पण गणितात गोष्ट लिहिलेली असली की ती नुसती कागदाकडे बघत राहायची. सकाळी पोटात दुखतं म्हणायची. टोकाच्या खोलीतले ते दोन तास होते म्हणून ती शाळेत जात होती. हे सगळं मला माहीत होतं. पण घरी आलेल्या गुरुजींना, पहिल्याच भेटीत, ताटातला शिरा निवत असताना, आमचं पोर ढ आहे हे कसं सांगायचं? मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "दाइजोबु देसु." म्हणजे ठीक आहे, काही अडचण नाही. इथे आल्यावर मी शिकलेला पहिला शब्द तो. दुकानात, दवाखान्यात, कामावर, सगळीकडे त्याच्यावर निभावून नेत होते.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं आणि हसले. त्यांनी कागदावर एक गोल केला, इथे गोल म्हणजे सगळं ठीक. जाताना त्यांनी दारात वाकून नमस्कार केला आणि मला फार बरं वाटलं. संध्याकाळी वडे तळून मी ताईंकडे दिले. त्या म्हणाल्या, "केलेतच ना शेवटी."

वर्ष तसंच गेलं. मुलगी टोकाच्या खोलीत जात होती. तिथल्या बाईंनी तिला समाजाच्या पुस्तकातली चित्रं दाखवून शब्द शिकवायला घेतले होते. एकदा तिने घरी येऊन सांगितलं की पाण्याचं शुद्धीकरण कसं होतं ते तिने वर्गात उभं राहून सांगितलं. तीन वाक्यं. ती तिने मला त्या रात्री चार वेळा ऐकवली.

फेब्रुवारीत कागद आला. ताईंनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "अहो, तो जपानीचा क्लास एप्रिलपासून बंद करतायत. शनिवारी शाळेत मीटिंग आहे, वॉर्ड ऑफिसची शिक्षण खात्याची माणसं येणार."

"बाई म्हाताऱ्या झाल्या म्हणून?"

"नाही हो. बाईंना वॉर्डच पाठवतं. किती मुलांना गरज आहे त्यावर ठरतं म्हणे ते."

मीटिंगला ताई माझ्याबरोबर आल्या. त्यांचं स्वतःचं पोर त्या शाळेत नाही तरी आल्या, हे मी विसरणार नाही. व्यायामाच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. थंडी होती. आम्ही सगळ्यांनी शाळेच्या हिरव्या सपाता घातल्या होत्या. माझ्या शेजारी माझ्याच कामावरची नेपाळी बाई बसली होती. तिची मुलगी दुसरीत, त्याच खोलीत जायची. आम्ही हिंदीत बोलायचो, दोघींची हिंदी सारखीच मोडकी.

वॉर्डचे साहेब नम्रपणे बोलत होते. पुढच्या वर्षी कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे, पैसा कुठे घालायचा, ते शरद ऋतूतच ठरतं, असं त्यांनी सांगितलं. शाळांकडून आलेले कागद बघून ठरतं. भूकंपानंतर परदेशी मुलं कमी झाली. जी राहिली त्यांच्या घरी शिक्षक जाऊन आले आणि गरज आहे का ते विचारून आले. मग त्यांनी हातातल्या कागदावरून वाचलं. ताई माझ्या कानात सांगत होत्या. सांगता सांगता त्या थांबल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बहुतेक घरांनी अडचण नाही असं सांगितलंय, म्हणतायत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काय सांगितलं होतंत?"

मी खाली सपातांकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "अहो, सांगायचं होतंत ना. मागितल्याशिवाय इथे कोणी देत नाही." त्या हळू बोलल्या होत्या, तरी मला वाटलं सगळ्या हॉलने ऐकलं.

ज्यांना गरज असेल त्या मुलांनी आठवड्यातून एकदा, दुपारी, तीन स्टेशनं पलीकडच्या शाळेत जावं, अशी सोय केली होती. सोबत आईबापांपैकी कोणीतरी पाहिजे. माझी आणि नेपाळी बाईची पाळी दुपारचीच असायची. कोणाला काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं. मागे त्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या आमच्या सगळ्यांकडे बघत होत्या. हॉलमध्ये कोणीच हात वर केला नाही. मीही केला नाही.

माझ्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. मी चौथीत असताना जिल्हा परिषदेचे साहेब जीपमधून आले होते, पाचवीचा वर्ग आमच्या गावाला द्यायचा की ओढ्यापलीकडच्या गावाला, ते बघायला. मारुतीच्या पारावर सगळे बसले. पोह्यांच्या बशा मी आणि माझी चुलत बहीण नेत होतो. साहेबांनी विचारलं, मुलींना पुढे शिकवायचंय ना, गावाची मागणी आहे ना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांपुढे तोंड कोण उघडणार? माझे वडील म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते बरोबर, साहेब. आमचं काही म्हणणं नाही." पाचवी पलीकडच्या गावाला गेली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असायचं, मुलींना कोण पाठवणार? मी घरी राहिले. वडिलांचा मला राग आला नव्हता तेव्हा. त्या हॉलमध्ये बसून आला, आणि तो त्यांच्यावर फार वेळ टिकला नाही, माझ्यावरच आला.

एक महिना मी ते मनात ठेवलं. आमच्या यांनाही सांगितलं नाही. कामावर नेपाळी बाई समोर असायची. मोठी चादर घडी करायला दोघी लागतात, एकीने ही दोन टोकं धरायची, दुसरीने ती. खोली बंद होणार हे कळल्यावर तिच्या मुलीने शाळेत जायचं नाही म्हणून दाराची कडी धरून ठेवली होती, ते ती सांगत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दीदी, मेरी वजह से हुआ. मैंने मास्टर को बोल दिया, कोई तकलीफ नहीं."

तिने चादर सोडली नाही. टोकं जुळवली, माझ्याजवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली.

"मैंने भी वही बोला," ती म्हणाली. "उसने चाय भी नहीं पी."

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली. पुढची चादर आली.

एप्रिलमध्ये मुलगी पाचवीत गेली. टोकाच्या खोलीत आता जादा खुर्च्या आणि ढोल ठेवले होते. मी विचारायचे, "आज काय शिकवलं?" ती म्हणायची, "बेत्सुनी." म्हणजे विशेष काही नाही. पाण्याच्या शुद्धीकरणासारखं पुन्हा काही तिने मला ऐकवलं नाही. पोटदुखी मात्र थांबली. ती थांबल्याचीच मला जास्त भीती वाटली, कारण आता ती काहीच सांगत नव्हती.

मे महिन्यात पुन्हा कागद आला. या वेळी शिक्षक बाई होत्या. मी काहीही खायला केलं नाही. पडदेही धुतले नाहीत. दोन दिवस आधी ताईंकडे जाऊन चार वाक्यं जपानीत म्हणायला शिकले आणि कामावर चादरी घडी करताना ती पुटपुटत राहिले.

बाई बसल्या. मांडीवर तसाच कागद. शाळा आवडते का, जेवण चालतं का. मग तो प्रश्न आला. या वेळी मला तो मुलीने सांगायच्या आधीच कळला. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मुलगीच बोलली.

"दाइजोबु देसु," ती म्हणाली, आणि हसली. अगदी माझ्यासारखी.

बाईंनी पेन टेकवलं.

मी म्हटलं, "नाही." ते मराठीतच निघालं. बाईंनी वर बघितलं. मग पाठ केलेली चार वाक्यं आठवेनात. एकच आलं, तेही अर्धं. मुलीला कळत नाही. मी हाताने पुस्तकाची खूण केली, मग स्वतःकडे बोट दाखवलं. मलाही कळत नाही. आम्हाला मदत पाहिजे. माझा आवाज इतका मोठा निघाला की मलाच लाज वाटली.

मुलीचं तोंड लाल झालं होतं. "आई, यामेते," ती म्हणाली. पुरे कर.

मी पुरे केलं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

बाई लिहायला लागल्या. गोल केला नाही, लिहीत राहिल्या. दहा मिनिटं होऊन गेली तरी लिहीत होत्या. जाताना त्या म्हणाल्या की वॉर्डला कळवतील, पण या वर्षी काही होईल असं सांगता येत नाही. एवढं मला समजलं.

दार लावल्यावर मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मी समाजाचं पुस्तक घेऊन तिच्या शेजारी बसले. तिने ते उघडलं नाही. पण लांब सारलंही नाही, एवढंच. मग आम्ही तशाच बसून राहिलो.