पर्स काही सुटेना

हे गेले त्याला वर्ष होत आलं, आणि भिंतीवर लावायला ह्यांचा एक धड फोटो घरात सापडेना. वर्षश्राद्धाला साताऱ्याहून धाकटे भाऊजी येणार. त्यांच्या घरी आजे-पणजे सगळे फेटे बांधून, डोळे वटारून भिंतीवर बसलेत. त्या रांगेत आमचे हे शोभायला नकोत का? शेवटी मिळाला तो पुतणीच्या लग्नातला. चेहरा असा प्रसन्न, काय सांगू! पण मागे आइस्क्रीमचा स्टॉल आणि खांद्याला माझी लाल पर्स. मंगलाष्टका सुरू झाल्या की आम्ही बायका अक्षता घेऊन पुढे आणि पर्सा नवऱ्यांकडे, हे ठरलेलंच.

सून महापेला कंपनीत आहे. म्हणाली, "आई, टेन्शन नका घेऊ. कॉम्प्युटरमध्येच सोय असते. मागचं सगळं एका बटणात जातं."

दाबलं बटण. गेलं सगळं. हेसुद्धा गेले! पांढऱ्याफटक पडद्यावर एकटी माझी पर्स.

"अगं, माणूस कुठाय?"

"कॉम्प्युटरला पर्सच महत्त्वाची वाटली, आई."

"वाटणारच. टिकल्या केवढ्या आहेत तिला!"

मग तिने ह्यांच्याभोवती चौकोन आखला नि पुन्हा दाबलं. आले बाई एकदाचे! स्टॉल गेला, मांडव गेला, व्याही गेले. पर्स मात्र जागच्या जागी. ती खोडायला गेलो तर खांदाच पुसला गेला, हे अर्धेच राहिले.

"आता पर्स ठेवू की भगदाड?" सुनेने विचारलं.

"पर्स ठेव. हार जाड आणू."

कामोठ्याच्या बाजारातून झेंडूचा चांगला जाडजूड हार आणला. भाऊजी आले, चपला काढून थेट फोटोसमोर. मी जीव मुठीत धरून मागे. त्यांनी बोटाने हार बाजूला केला.

"वहिनी, दादाच्या खांद्याला हे काय?"

"माझी पर्स."

"श्राद्धाला?"

तेवढ्यात मागून जाऊबाई आल्या. "अहो, धरा जरा, फुलं वाहते," म्हणत आपली पर्स त्यांच्याकडे दिली. भाऊजींनी न बघताच ती खांद्याला अडकवली, हात जोडले, डोळे मिटले. सून तोंडाला ओढणी लावून किचनमध्ये पळाली.

डोळे उघडून भाऊजींनी फोटोकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्याकडे. घसा खाकरला.

"खिळा जरा वर ठोका वहिनी," म्हणाले. "दादा लई खाली लागलाय."