सुनंदाच्या हातची पूजा

"लिम्फोमा है," डॉक्टर म्हणाले. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मानेवरची गाठ दुखत नव्हती, म्हणून मी ती महिनोन्महिने पदराखाली झाकून हिंडत होते. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. मला रडू आलं नाही. बाहेर बाकावर एक जख्खड म्हातारी चवीने पेरू खात बसली होती. हिला एवढं आयुष्य का मिळालं, हाच माझा पहिला विचार.

कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. माझ्याकडे भीतीच्या आधी हेवा आला. चालणाऱ्यांचा, पोटभर जेवणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त धाकट्या जावेचा, सुनंदाचा.

आमचं घर इकडे उत्तरेत, नदीकाठच्या दुर्गाघाटावर. गल्लीत गाडी येत नाही. केमोथेरपी, म्हणजे शिरेतून दिलेलं कॅन्सरचं औषध, घेऊन आले की सडकेपासून सुनंदाच मला धरून आणायची. तिचा भक्कम खांदा हाताला लागायचा आणि मी मनातून जळायचे.

पुढे न्यूट्रोपेनिया झाला. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की साधा जंतूही जिवावर बेतावा. डॉक्टरांनी बजावलं, "फूल-माला, भीड़, सब बंद." घरच्या अन्नपूर्णेची पूजा सासूबाईंनंतर माझ्याकडे होती. ती सुनंदाकडे गेली.

खाटेवर पडून मी तिची घंटा ऐकायचे. उद्या माझं स्वयंपाकघर, माझ्या साड्या, सगळं हिचंच. मग तो हेवा देवीपर्यंत पोचला. आजेसासूबाईंनी तिला न्हाऊ घातलं, सासूबाईंनी घातलं, मी घातलं. आम्ही एकेक करून जाणार आणि ही आपली पाटावर बसून राहणार!

एका सकाळी राहवलं नाही. "सुनंदा, रुळलीस हं माझ्या जागेवर."

ती तांब्या घेऊन उंबऱ्यातच बसली. "ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून मला तुमचा हेवा वाटायचा. देवीला हात तुमचाच, मी नुसती फुलं निवडायची. आता पूजा मिळाली, तर रोज रडत करते. मला अशी नको होती."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलू म्हणत राहिले. वाटलं, पुष्कळ वेळ आहे."

त्या दिवशी मास्क लावून मी दारातून पूजा पाहिली. इतक्या जणींच्या हातांनी देवीचं नाक झिजून गेलंय. पितळ झिजतं. त्यात जिला बोलावतो, ती आमच्या आधीही होती, नंतरही असेल. आम्हीही तिच्याइतकं राहू, असं कोणी कबूल केलं होतं? हेवा गेला नाही, पण त्याचा पीळ सुटला.

उपचार संपल्यावर पेट स्कॅन झाला. कॅन्सर शरीरात कुठे उरलाय का, ते त्यात दिसतं. "रेमिशन है," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आजार आता दिसत नाही, पण परतू शकतो.

"कितने साल?" मी विचारलं.

"जाँच कराती रहिए. साल मैं नहीं बता सकता."

तुमच्यावर ही वेळ आली आणि कोणाचा हेवा वाटला, तर लाजू नका. त्या माणसाला जवळ बसवा आणि बोला. आता पूजा आम्ही दोघी मिळून करतो. गप्पांत कधी न्हाणाचं कोमट पाणी गार होतं, नैवेद्याला उशीर होतो. तरी आम्ही बोलणं आवरत नाही. देवीजवळ थांबायला वेळ आहे. आमच्याजवळ नाही.